जनूभाऊंचे मोकळे कोपरे

जनूभाऊ कुणाच्याही घरात शिरले की आधी कोपऱ्याकडे बघत, माणसांकडे मागाहून. कोपऱ्यात जाऊन एकच टाळी वाजवत आणि मान तिरकी करून ऐकत. माझं लग्न पोलादपूरच्या वरच्या अंगाला एका वाडीत झालं. तिथेही ते पंगतीतून उठून माझ्या सासऱ्यांच्या माजघरात गेले, वळकट्या बाजूला सारल्या आणि टाळी वाजवली. सासूबाईंना वाटलं, घरात काहीतरी बाहेरचं शिरलंय आणि हा माणूस ते हुसकून लावतोय. त्यांनी घाईघाईने नारळ आणून हातात दिला. जनूभाऊंनी तो पिशवीत टाकला आणि मला म्हणाले, "गोविंदा, सासर चांगलं हाय. कोपरा बोलतो."

मी सुतार. शाळा तिसरीपर्यंत. माझ्या लिहिण्यात चूक सापडेल, लाकडात सापडायची नाही.

जनूभाऊ पुष्कळ वर्षं मुंबईला सिनेमाच्या थेटरात मशीन चालवत होते. छातीचं दुखणं लागलं तेव्हा महाडला परतले ते दोन अवाढव्य पेट्या घेऊन. महाडात वीज येऊन तेव्हा फार दिवस झाले नव्हते. छातीइतक्या उंच, तिकोनी पेट्या, पाठ नेमकी कोपऱ्यात बसेल अशा. आत गाणं वाजवायचे कर्णे. पण आवाज समोरून यायचा नाही, दोन्ही बगलांतून निघून भिंतीला घासत बाहेर पडायचा. "पेटी हा अर्धाच कर्णा हाय," ते सांगत. "उरलेला अर्धा म्हणजे भिंत." आळीतल्या बायकांना हे काय कळणार? त्या म्हणायच्या, "एवढ्या मोठ्या दोन कणग्या, नि आत भाताचा दाणा नाय."

आमच्याकडच्या मातीच्या भिंतींचे कोपरे काटकोनात कुठले असायला? पेटी आणि भिंत यांच्यात बोटभर फट राहिली. ती बुजवायला त्यांनी मला बोलावलं, तीच आमची पहिली भेट. पेट्या मुंबईच्या सुताराने केलेल्या. मी त्यांत तीन चुका दाखवल्या. दोन त्यांनी मान्य केल्या. तिसरीही होतीच.

दर रविवारी सकाळी त्या खोलीत सतरंजी पडायची. वकील, डॉक्टर, भाताचे व्यापारी, सगळे चहा पीत रेकॉर्डी ऐकायला यायचे. सुशीलावहिनींनी, म्हणजे जनूभाऊंच्या बायकोने, मला कपाट करायला सांगितलं तेव्हा माझ्या मनात ती सतरंजीवरची माणसंच आली. माझा थोरला भाऊ चारचौघांत म्हणायचा, "गोविंदाचा हात नांगर नि चौकटीपुरता." हे कपाट त्या खोलीत उभं राहिलं असतं तर साऱ्या महाडाने बघितलं असतं. सागाचं, पुरुषभर उंच, दारावर वेलबुट्टी. तसं मी पुन्हा केलं नाही.

शनिवारी ते आणलं आणि डाव्या पेटीला खेटून भिंतीशी उभं केलं. वहिनी खूश झाल्या. जनूभाऊंनी एक रेकॉर्ड लावली, अर्धीच ऐकली आणि सुई उचलली.

"गोविंदा, तुझं कपाट गाणं गिळतंय."

"कपाटाला तोंड हाय काय?"

"भिंत झाकलीस तू. चार हात मोकळी पायजे. मागच्या खोलीत ठेव."

मागच्या खोलीत म्हणजे धान्याच्या डब्यांशेजारी. तिथे कोण बघणार होतं? वहिनी माझ्या बाजूने उभ्या राहिल्या. "माणसं बसायची खोली ही. नुसत्या कणग्या दाखवू काय लोकांना?"

"भाऊ, फरकबिरक काय नाय पडत," मी म्हणालो. "तुमच्या कानाचा खेळ हाय."

"मग उद्या तूच ऐक. पाठ करून बस. कपाट पुढं-मागं करू. तुला फरक कळला नाय तर ते तिथंच राहील. कळला तर मागच्या खोलीत."

मी लगेच हो म्हटलं. सांगणारा मीच होतो, मग हरतो कसा?

रविवारी खोली भरली. मी भिंतीकडे तोंड करून पाटावर बसलो. कपाटाखाली गोणपाट घातलं होतं, दोघे जण ते सरकवत होते. रेकॉर्ड पखवाजाची. पहिल्या खेपेला थाप पडली ती कानात नाहीच आली. सारवलेल्या जमिनीतून निघाली आणि माझ्या नडगीत शिरली. गोणपाट सरकलं, पुन्हा तीच रेकॉर्ड. आता पखवाज कुणी घोंगडीत गुंडाळल्यासारखा.

"फरक?" जनूभाऊंनी विचारलं.

"नाय."

पुन्हा सरकवलं. "आता?"

"नाय म्हटलं ना."

पाच वेळा विचारलं, पाच वेळा मी नाय म्हणालो. पाठीमागे कुणीतरी खुदकन हसलं. मग दुसरं. वळून बघतो तर सगळी सतरंजी तोंडाला रुमाल लावून बसलेली, वहिनीसुद्धा.

"भावोजी," वहिनी डोळे पुसत म्हणाल्या, "तुमचा पाय."

कपाट लांब गेलं की माझा उजवा पाय ताल धरत होता. कपाट जवळ आलं की गप्प. पाचही वेळा. मला पत्ता नव्हता, आणि जनूभाऊ माझ्या तोंडाकडे एकदाही बघत नव्हते.

मला वाटलं, आता हा माणूस माझी सालटी काढणार. त्यांनी चहाचा कप माझ्या हातात दिला आणि हळूच म्हणाले, "तोंड तुझं, पाय पण तुझाच. कुणाचं ऐकायचं ते तू ठरव. कपाट ऱ्हाऊ दे म्हणालास तर ऱ्हाईल."

त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. मागच्या खोलीत कपाट जाऊ दिलं असतं तर मी सुतार कसला? आणि तिथेच राहू दिलं असतं तर दर रविवारी माझ्या पायाला काय तोंड दाखवणार होतो? सोमवारी सकाळी करवत घेऊन गेलो. कपाट जमिनीवर आडवं केलं आणि दारांच्या मधल्या आडव्या पट्टीवर रेघ मारली. वहिनी ओरडल्या, "अवो, त्याला आवरा, घडवलेलं मोडतोय." जनूभाऊंनी आवरलं नाही. खाली वाकून कपाटाचं दुसरं टोक धरलं आणि खोकत खोकत म्हणाले, "काप. सरळ काप पण."

सरळच कापलं. एका कपाटाची दोन बुटकी कपाटं झाली. खालच्या अर्ध्याला माथा, वरच्याला तळ बसवला आणि दोन्ही पेट्यांच्या मधोमध, खिडकीखाली शेजारी शेजारी मांडली. कोपरे मोकळे, भिंती मोकळ्या. वहिनींनी त्यांवर पितळी तांब्या ठेवला आणि दोन पावलं मागे येऊन बघितलं. "बरी दिसतात," म्हणाल्या. पुढच्या रविवारी वकिलांनी विचारलं, ही कुणी केली? त्यानंतर वर्षभर मी महाडात बुटकी कपाटंच करत होतो. ज्यांच्या घरी साधा रेडिओ नव्हता त्यांनीही खिडकीखाली मांडली. थोरल्या भावाने बायकोकरवी एक मागवलं. त्याला मी दोन महिने थांबवलं.

पुढे जनूभाऊंचं छातीचं दुखणं वाढलं आणि त्यांचा मुलगा दोघांना मुंबईला घेऊन गेला. निघायच्या आदल्या दिवशी सामान बांधून झालं होतं, पण पेट्या अजून कोपऱ्यात होत्या. जनूभाऊंनी मला पाटावर पाठ करून बसवलं आणि तीच पखवाजाची रेकॉर्ड लावली. एकदा एका पेटीच्या बगलेशी स्वतः घोंगडी धरून उभे राहिले, एकदा बाजूला झाले.

"फरक हाय काय रे, गोविंदा?"

"नाय."

त्यांना इतकं हसू आलं की खोकल्याची ढास लागली आणि वहिनी पाणी घेऊन धावल्या. "नाय म्हणतो," ते पाणी पिता पिता वहिनींना सांगत होते, "अजून नाय म्हणतो, बघ."

त्याच वर्षी भाताच्या कापणीत मुंबईहून पत्र आलं, जनूभाऊ गेले. मी काम ठेवलं, घरी आलो, आणि पुढच्या खोलीतल्या कोपऱ्यात जाऊन एक टाळी वाजवली. तो कोपरा मी आजही मोकळा ठेवलाय. सून दर दिवाळीला तिथे काहीतरी मांडते आणि मी ते दर दिवाळीला उचलतो.

आता माझंही वय झालं. तोंडाने मी कधी कबूल केलं नाही आणि करणारही नाही. पण जनूभाऊ, लिहून देतो. फरक होता. पाचही वेळा होता.