बंद पेटीतला पखवाज

“ज्याचा हादरा, त्याच्या घरा.”

तुळजाबाई हे जन्मभर म्हणत आली, आणि नुसती म्हणून गप्प बसणारी बाई ती नव्हे. भावकीनं एकदा हातभर बांध कोरला, तेव्हा तिनं त्याच बांधावर बाभळी लावल्या आणि काटे पलीकडे वाढू दिले. सहा वर्षं तिकडून कुणी अनवाणी गेलं नाही.

वाघोलीतलं ते रान आता सात मजली इमारतीखाली आहे. रानाच्या बदल्यात मिळालेल्या दुसऱ्या मजल्यावरच्या घरात ती नवरा गेनबा आणि नात ऋतुजा यांच्यासोबत राहायला आली. ज्वारीचा वारा तिथं नव्हता, पण गेनबाचा पखवाज होता. त्याची थाप पडली की देवळातल्या समईची ज्योत वाकायची, असं आमच्याकडची माणसं सांगतात, आणि मी ती वाकताना पाहिली आहे.

मग गेनबाला वारं गेलं. उजवा हात लुळा पडला. पखवाज भिंतीवर खुंटीला गेला आणि गेनबा समोरच्या खाटेवर त्याच्याकडे बघत पडून राहिला.

त्यांच्या डोक्यावर, तिसऱ्या मजल्यावर, आमोद राहायचा. त्यानं दिवाणखान्यात सिनेमाघर थाटलं होतं. दर शनिवारी दुपारपासून वर गड कोसळायचे, गाड्या उडायच्या. खाली मांडणीवरच्या वाट्या थरथरायच्या. आणि भिंतीवरचा पखवाज आपोआप घुमायला लागायचा. कुणी हात न लावता. गेनबाच्या डोळ्यांतून पाणी यायचं आणि डावा हात गोधडीवर चाचपडायचा.

तुळजाबाई वर गेली. आमोदनं दार अर्धंच उघडलं.

“आजी, आवाज कुठे मोठा आहे? ही खालची पट्टी आहे. ती ऐकू येत नाही, फक्त जाणवते.”

“आमच्या माणसाला जाणवती ना, बाबा.”

“मग खाट हलवून बघा.”

चार महिन्यांनी गेनबा गेला, तोही शनिवारीच, वर गड कोसळत असताना.

तेराव्याला खाली पार्किंगमध्ये भजन बसलं. गेनबाचा चेला संभाजी यानं कणीक भिजवून पखवाजाच्या डाव्या तोंडावर थापली. कणीक लावल्याशिवाय ते तोंड बोलत नाही. वाजवून झालं की ती खरवडून काढायची, नाहीतर वाळून कातडं खाते. दुसरा अभंग अर्ध्यावर होता. संध्याकाळचे सात वाजले होते. आमोद खाली आला.

“पार्किंग सगळ्यांचं आहे. आणि वर माणसं राहतात.”

टाळ थांबले. संभाजीनं कणीक काढायला सुरी घेतली, तर तुळजाबाईनं त्याचं मनगट धरलं.

“राहू दे. भजन पुरं झालं न्हाय.”

पखवाज ओल्या कणकेसकट पुन्हा खुंटीला गेला. कणीक वाळली, तडकली, दगड झाली. तुळजाबाई रोज तिच्यावरची धूळ पुसायची, पण तिला नख लावायची नाही.

वर्षश्राद्धाला दहा दिवस उरले तेव्हा ती ऋतुजाला घेऊन तपकीर गल्लीत, आवाजाच्या पेट्यांच्या बाजारात गेली. पुष्कर नावाच्या दुकानदारानं विचारलं, “आजी, सबवूफर, म्हणजे खालच्या पट्टीची पेटी, सिनेमासाठी हवीय की गाण्यासाठी?”

“दोन्हीला पायजे. ऐकाया माझ्या मालकाचा पखवाज, आन् बघाया वरच्याचं तोंड.”

पुष्कर हसला. तिचा चेहरा बघून लगेच थांबला.

त्यानं आधी भोक असलेली पेटी लावली. सिनेमातला सुरुंग फुटला आणि दुकानाचा पडदा फडफडला. ऋतुजा म्हणाली, “आज्जी, हाच! भिंती हलतील.”

तुळजाबाईनं मान हलवली. “आता आपलं लाव.” देवळातल्या सप्त्यात गेनबाचं वाजवणं कुणीतरी नीट टिपून ठेवलं होतं. ते ऋतुजानं मोबाइलवरून लावलं. तुळजाबाईनं डोळे मिटले आणि क्षणात उघडले.

“एक थाप मारली तर तीन ऐकू येत्यात. हे मालक न्हाईत. हा कुणीबी ढोलवाला हाय.”

“भोकातून वारा बाहेर पडतो ना, म्हणून थापेचं शेपूट लांबतं,” पुष्कर म्हणाला. “सिनेमाला चालतं, पखवाजाला नाही. तुम्हाला बंद पेटी लागेल. पण बंद पेटीतून हादराही हवा असेल, तर मोठीच घ्यावी लागेल.”

मोठी बंद पेटी लागली. थाप पडली आणि जिथं हात थांबला तिथंच थांबली. तुळजाबाईनं पेटीच्या कापडावर तळवा ठेवला. बराच वेळ काढला नाही.

“ह्याला कणीक कुठं लावायची?”

“नाही लावत, आजी.”

“मंग हीच द्या. आन् ही कुठं ठेवली म्हंजी वर जास्त पोचंल?”

“कोपऱ्यात,” पुष्कर म्हणाला, आणि सांगितलं ते बरं केलं की वाईट, या विचारात पडला.

आमोदचा सोफा कुठे आहे हे तिला छताकडे बघून ठाऊक होतं. वर्षभर गड तिथंच कोसळत होते. पेटी त्याच्या बरोबर खालच्या कोपऱ्यात बसली.

वर्षश्राद्धाच्या संध्याकाळी, सात वाजता, संभाजी आणि टाळकरी सतरंजीवर बसले. पखवाज खुंटीवरच होता; पखवाजवाल्याच्या जागी कुणी बसलं नाही. ऋतुजानं मोबाइलवर बोट ठेवलं आणि गेनबा वाजवायला लागला.

दहा मिनिटांत आमोद दारात आला. त्याच्याकडे जेवायला आलेले सासरे, श्यामसुंदरराव, मागोमाग जिना उतरले.

“आजी, बंद करा हे! वर ताटं हलताहेत!”

“आवाज कुठं मोठा हाय, साहेब? खालची पट्टी हाय. ती ऐकू येत न्हाय, जाणवती.”

आमोदचा चेहरा उतरला. तुळजाबाईनं मोबाइल त्याच्यापुढे धरला.

“घ्या. तुमच्या हातानं थांबवा. तेराव्याला थांबवलं तसं, मधूनच.”

“कोण वाजवतंय?” श्यामसुंदररावांनी विचारलं.

“माझे मालक. वारले. तुमच्या जावयांनी त्यांचं तेराव्याचं भजन मोडलं.”

श्यामसुंदररावांनी आमोदकडे पाहिलं. मग सतरंजीच्या कडेला मांडी घालून बसले.

“जावईबापू,” ते म्हणाले, “चपला काढा.”

आमोदनं चपला काढल्या. बसायला त्याला कुणी जागा दिली नाही. वीस मिनिटं तो उंबऱ्यावर उभा होता, आणि तुळजाबाई वीस मिनिटं त्याच्याच तोंडाकडे बघत होती.

शेवटची थाप पडली. तिनं पखवाज खाली घेतला, सुरीनं कणीक उचकटली. कणकेबरोबर कातडंही निघालं. ते तसंच होणार हे तिला वर्षभर ठाऊक होतं.

“आजी,” आमोद खालच्या आवाजात म्हणाला, “नवीन कातडं मी आणून देतो.”

“तुमचं बसंल का ह्याला?”

कुणी हसलं नाही.

तिनं फुटका पखवाज खांद्याला लावला. पखवाज मढवणाऱ्याचं घर देवळामागं होतं, आणि दिवे लागायची वेळ झाली होती. ती जिना उतरली, पार्किंगमधून सरळ चालत फाटकाबाहेर गेली. वळून पाहिलं नाही. संभाजी खिडकीत उभा राहून बघत होता. आमोदही जिन्याच्या गजाला धरून, अनवाणी, ती दिसेनाशी होईपर्यंत बघत होता.