देवलसरची अकरा नावं

स्वतःच्या मोटारीनं मारवाडच्या वाळवंटात जाऊन यायचं, हे मी जाहीर केलं तेव्हा घरात कोणी मान वर करूनही पाहिलं नाही. मी वकील. कोर्टात माझं बोलणं निदान ऐकून तरी घेतात. पण जोधपूरच्या महाराजांच्या राखीव रानांत काळविटांचे कळप माणसाला न बुजता हिंडतात, असं एका अशिलानं सांगितल्यापासून मला चैन नव्हतं. दिवाळी झाली आणि मी एक जुनी, उघड्या टपाची मोटार दारात आणून उभी केली. त्यानंतर मात्र घरातली चेष्टा बंद होऊन काळजी सुरू झाली.

मोटारीबरोबर रसूलभाई आले. पन्नाशीचे, मोटारदुरुस्तीत हात मुरलेला, बोलणं मोजकं. तिसरा गडी मी शोधला नव्हता, तो आपण होऊन आला. आमच्या शेजारचे नानाभट. हे तीर्थोपाध्ये. मारवाडातून नाशकास येणाऱ्या यात्रेकरूंची कुळं त्यांच्या घराण्याकडे. यात्रेकरू आला की त्याचं गाव, बापजादे, बायकामुलं अशी सगळ्यांची नावं वहीत उतरवायची, हे त्यांचं पिढीजात काम. चाळीस वर्षं मारवाडी यजमानांशी बोलून त्यांची भाषा ते फाडफाड बोलतात. मारवाड मात्र त्यांनी पाहिलेलं नव्हतं.

"देवलसर म्हणून एक गाव आहे," ते म्हणाले. "माझ्या आजोबांच्या हातचा शेवटचा लेख आहे. पुढं पान कोरं. तिथलं कोणीच आलं नाही. माझा मुलगा मुंबईस नोकरीला लागला, तो काही वही हातात धरायचा नाही. माझ्या डोळ्यांदेखत ते पान पुढं चालावं, एवढंच आहे मनात."

 मी नाही म्हणूच शकलो नाही.

आता आमच्या तयारीतली चूक सांगतो, म्हणजे तुम्ही करणार नाही. नकाशात देवलसर नव्हतं. आम्हां नाशिककरांची उपाध्यांच्या वहीवर इतकी श्रद्धा, की आम्ही नकाशा बाजूला ठेवला आणि वहीवरून रस्ता आखला. वहीत लिहिलं होतं, 'पोकरणाहून उत्तरेस दोन मजला,' म्हणजे दोन दिवसांची चाल. हे शंभर वर्षांपूर्वीच्या कोणा पायी आलेल्या माणसाचं सांगणं आहे, तेव्हाचं गाव आज असेल का, असा प्रश्न तिघांपैकी एकालाही पडला नाही.

मार्गशीर्षातल्या एका सकाळी निघालो. आग्रा रोड चांदवडपर्यंत छान आहे. मालेगावात चहाला थांबलो तर भोवती घोळका. "मोटार कोनी शे?" एकानं विचारलं. रसूलभाईंनी नानाभटांकडे बोट दाखवलं, आणि पुढचा अर्धा तास नानाभट मोटारमालकाच्या थाटात उत्तरं देत होते. सेंधव्याच्या घाटात इंजिन तापलं की थांबायचं, पाणी घालायचं, पुन्हा निघायचं. इंदूर, रतलाम, नीमच, अजमेर असे मुक्काम झाले. संस्थान बदललं की जकातीचं नाकं लागतं. तिथं घाई करू नये आणि इंग्रजी तर मुळीच बोलू नये. पेट्रोलचे डबे मोठ्या गावीच भरून घ्यावेत. धर्मशाळा सगळीकडे आहेत, स्वस्त आहेत, ढेकूण फुकट. नानाभटांचा स्वयंपाक वेगळा, स्टोवर, स्वतःच्या हातचा. पिठलं-भाताच्या वासानं अजमेरला निम्मी धर्मशाळा जागी झाली होती.

जोधपूरच्या पुढं माझं काळीज सुपाएवढं झालं. काळवीट रस्त्याच्या कडेनं चरत होते, शिंगं पिळदार, पोट पांढरंशुभ्र. मी हर्षानं भोंपू वाजवला. लगेच पांढऱ्या पागोट्याचा एक बिष्णोई शेतकरी मोटारीला आडवा आला. या लोकांत हरणाला इजा करणं म्हणजे घरच्याला मारणं. "हिरण चरै है सा, भोंपू मत बजाओ," तो म्हणाला. मी ओशाळलो. राग मात्र त्याला टिकवता आला नाही. त्यानं आम्हाला बाजरीची रोटी, सांगरीच्या शेंगांची भाजी आणि लोटाभर ताक दिलं. तसं ताक मी नाशकात प्यालेलो नाही.

फलोदीनंतर रस्ता हा शब्द विसरावा. चाकांतली हवा थोडी सोडावी आणि गोणपाट जवळ ठेवावा, हे रसूलभाईंचं शास्त्र. चाक रुतलं की खाली गोणपाट घालायचा. दोनदा तेवढ्यानं भागलं, तिसऱ्यांदा उंट जोडावा लागला.

"मालक, ही रेती हाय," रसूलभाई मला म्हणाले. "हिच्यापुढं वकिली नाय चालायची."

पोकरणच्या बाजारात देवलसर कोणाला ठाऊक नव्हतं. तरी वहीच्या भरवशावर उत्तरेला निघालो. दुसऱ्या दिवशी दुपारी गाव दिसलं. दगडी भिंती, चौकटी, रांजणांचे कट्टे, सगळं जागच्या जागी. छपरं नाहीत, माणूस नाही. चुलीत वाळू भरलेली. नानाभट एका उंबऱ्यावर बसले, वही मांडीवर.  इतक्या लांब त्यांना भिंती दाखवायला आणलं, असं मला वाटलं.

शेवटी शेळ्या घेऊन एक म्हातारा आला. नानाभटांनी विचारल्यावर त्यानं सांगितलं, की त्याच्या आजोबांच्या वेळी इथल्या विहिरीचं पाणी खारं झालं आणि गाव उठलं. थोडी माणसं दोन कोसांवरच्या ढाणीत राहतात. ढाणी म्हणजे चारपाच झोपड्यांची वस्ती.

ढाणीत पुरुष कोणी नव्हते, उंटांवर मीठ घेऊन गेले होते. धापूबाई नावाची एक वृद्ध स्त्री बाजेवर बसलेली. तिच्या मागं पदर ओढून तिची धाकटी नातसून उभी होती. नानाभटांनी वही उघडून देवलसरची नावं वाचायला घेतली. चौथ्या नावाला म्हातारीनं हात वर केला. ते तिच्या सासऱ्याच्या आज्याचं. पुढं एका बाईचं नाव आलं, त्याच आज्याच्या बायकोचं, आणि म्हातारी रडू लागली. पुरुषांची नावं त्यांचे भाट पाठ ठेवतात, बायकांची कोणी ठेवत नाही. नाव असं कुठंतरी दूर नदीकाठी लिहिलेलं असेल, हे तिला खरंच वाटेना.

डोळे पुसून तिनं विचारलं, "आमचीही लिहाल?"

आणि नानाभटांनी वही मिटली.

माझा विश्वास बसेना. "अहो, यासाठीच आलात ना?"

"नाव गंगेकाठी लिहायचं," ते म्हणाले. आम्ही नाशिककर गोदावरीला गंगाच म्हणतो. "माणसानं तिथं तोंडानं सांगायचं, मी लिहायचं. आजोबांनी असंच केलं, वडिलांनी असंच केलं. यांनी नाशकास यावं, हे सांगायला मी आलो."

"ही बाई बाजेवरून उठत नाही, आणि नाशकास येणार?"

"मग कागदावर टिपून नेतो म्हणाल. कागदावरून कागदावर उतरवायला मी काय नकलनवीस आहे?"

मी संतापलो. दहाबारा दिवसांचे खड्डे माझ्या बोलण्यात आले. नानाभट ऐकून घेत होते, पण वहीवरचा हात काढत नव्हते. त्यांचे डोळे भरलेले होते, म्हणून तर मला अधिकच राग आला.

रसूलभाई बॉनेटवर टेकून ऐकत होते. ते म्हणाले, "गुरुजी, तोंडानंच सांगायची ना नावं? मग तोंडानं नेऊ की. तीन तोंडं हायेत आपल्याकडं."

 नानाभट म्हातारीजवळ जमिनीवर मांडी घालून बसले. तिनं अकरा नावं सांगितली. शेवटचं तिनं हळूच, मागं वळून पाहत सांगितलं.

परतीचा प्रवास आम्ही त्या नावांवर केला. धापू, मोतीराम, हरखाराम, पेमा, गवरी... खड्डा आला की साखळी तुटायची आणि पुन्हा पहिल्यापासून. अजमेरच्या धर्मशाळेतल्या एका गृहस्थानं आम्हाला भजनी मंडळी समजून ताल धरला. इंदुरात नानाभट हरखारामला विसरले आणि दिवसभर स्वतःवर रुसून बसले.

नाशकात शिरलो ते घरी न जाता थेट गंगेवर. नानाभट स्नान करून ओल्या अंगानं घाटावर बसले, दौत उघडली. मी सांगत गेलो, ते लिहीत गेले. दहा झाली. अकरावं मला आठवेना. त्यांनाही आठवेना.  नानाभट नुसते कोऱ्या जागेकडे बघत होते.

"लाछू," वरच्या पायरीवरून रसूलभाई म्हणाले. "त्या धाकट्या नातसुनेचं. पोटुशी व्हती बिचारी."

नानाभटांनी लाछू लिहिलं. मग लेखणी दौतीत बुडवून रसूलभाईंसमोर धरली. "सांगणाऱ्याची सही लागते."

"माझी? गुरुजी, मला उर्दूच येतं."

"वहीत मोडी आहे, मारवाड्यांची महाजनी आहे, गुजराती आहे. करा सही."

रसूलभाईंनी सदऱ्याला हात पुसले आणि सावकाश सही केली.

घरी बायकोनं विचारलं, काय काय पाहिलंत? काळविटांचं सांगितलं, ताकाचं सांगितलं. गाडीच्या गाद्यांतून महिनाभर वाळू निघत होती. मोटार माझी, पेट्रोल माझं आणि नाव विसरलो मीच, ही चुटपुट अजून आहे. पण उद्या लाछूचं लेकरू मोठं होऊन नाशकास येईल. वहीत त्याला आईचं नाव सापडेल आणि खाली उजवीकडून डावीकडे लिहिलेली एक सही. ही कोणाची, म्हणून तो विचारीलच. तेव्हा नानाभट नसतील, कदाचित मीही नसेन. त्याला कोणीतरी सांगावं, म्हणून हे लिहून ठेवलं.