वाकायचं नाही

वयाच्या चोपन्नाव्या वर्षी मी पोटावर सरपटायला शिकलो, आणि तेही मुलीचं लग्न ठरावं म्हणून.

पनवेलच्या बाहेर, डोंगराच्या पायथ्याशी, पूर्वी जिथे भातशेती होती तिथे आता पेंटबॉलचं मैदान आहे. ट्रकचे जुने टायर, तेलाची रिकामी पिंपं, एक मोडका टेम्पो आणि लाकडी खोक्यांच्या भिंती. शेताचे बांध मात्र अजून तसेच आहेत. थंडीत तिथे शनिवार-रविवार मोठा सामना भरतो. दोन फौजा असतात, एक निळी आणि एक पिवळी. हातात हवेवर चालणारी बंदूक, तोंडावर मास्क, आणि बंदुकीतून सुटते ती रंगाने भरलेली सुपारीएवढी गोळी. ती अंगावर फुटली की आपण मेलो. मग हात वर करून बाहेर जायचं आणि मंडपात बसून लिंबू सरबत प्यायचं. मरण इतकं सोयीचं असू शकतं याची मला कल्पना नव्हती.

माझी मुलगी बेलापूरला नोकरी करते आणि दर वर्षी निळ्यांकडून खेळते. एका वर्षी पिवळ्यांच्या एका मुलाने तिच्या दंडावर गोळी मारली आणि नंतर मंडपात बर्फ घेऊन आला. पुढच्या वर्षी तिने त्याला मैदानभर शोधून मारलं आणि बर्फ परत केला. यंदा दोघांनी आम्हाला सांगितलं की हे असंच आयुष्यभर चालू ठेवायचा विचार आहे.

मुलगा कळंबोलीचा. वडिलांचं तिथल्या लोखंड बाजारात पत्र्यांचं दुकान, आईचं माहेर उरणच्या कोळीवाड्यात. आमची काहीच हरकत नव्हती. मी तर मनातल्या मनात मांडवाची जागाही पाहून ठेवली होती. अडचण एकच होती. मुलीने एक अट घातली होती, आणि ती अट मला होती.

तिचं कारण सांगतो. माझ्या थोरल्या भावाच्या मुलीचं लग्न झालं तेव्हा माझी मुलगी तिची पाठराखीण होती. माझा भाऊ म्हणजे आमच्या घरातला सगळ्यात ताठ माणूस. साहेबाशी भांडून बदली घेतलेला. तो माणूस त्या दिवशी सकाळपासून कमरेत वाकून व्याह्यांच्या मागे फिरत होता. त्यांची पिशवी याच्या हातात, त्यांच्या काकांच्या चपला शोधायला हाच, पंगतीत जिलबीचं ताट घेऊन हाच. शेवटी सगळे गेल्यावर आचाऱ्याच्या पिंपाशेजारी उभ्या उभ्या त्याने गार वरणभात खाल्ला. माझ्या मुलीने खुर्ची आणून दिली तर म्हणाला, बसायची सवय गेली गं आज. सगळे हसले. ती हसली नाही.

म्हणून माझ्यासाठी अट. एका रात्री ताटावर बसलेली असताना तिने ती शांतपणे सांगितली.

"बाबा, त्यांच्यासमोर तुम्ही एकदा जरी वाकलात ना, तर मी लग्नाला नाही म्हणणार."

मी हसून पाहिलं. तिने आमटी वाढून घेतली. ही मुलगी आमटी वाढून घेताना जे बोलते ते ती बदलत नाही, हे मला तिच्या दहावीपासून माहीत आहे.

आता माझी पंचाईत लक्षात घ्या. मी नवीन पनवेलच्या आमच्या सोसायटीत दर गणपतीत नाटकं करत आलो आहे. राजे केले, सरदार केले, एकदा तर माणूस मिळेना म्हणून राणीही केली. कोणाचीही ऐट मला आणता येते. पण मुलीचा बाप ही भूमिका मी लहानपणापासून इतक्या जणांना करताना पाहिली होती की तालमीशिवाय तोंडपाठ झाली होती. वरपक्षाचं कोणी समोर आलं की माझी कंबर माझ्या परवानगीशिवाय हलते. माझ्या सासऱ्यांनी माझ्या वडिलांवर भर उन्हात छत्री धरलेली मी बोहल्यावरून पाहिली होती, आणि खरं सांगायचं तर तेव्हा मला ती शोभून दिसली होती.

घरी भेटलो तर मी वाकणारच, हे मुलगी ओळखून होती. म्हणून तिने बघण्याचा कार्यक्रम रद्द केला आणि दोन्ही घरांची नावं रविवारच्या सामन्यात घातली. आम्ही निळे, ते पिवळे. समोरासमोर बंदुका असल्या की पाया कोण पडणार, असा तिचा हिशेब. माझ्या बायकोने खेळायला साफ नकार दिला, पण बघण्याचा कार्यक्रम आणि पोहे नाहीत हे तिला पटेना. तिने सोसायटीच्या सत्यनारायणाला वापरतो तो मोठा डबा भरून कांदेपोहे केले आणि मंडपात ठाण मांडून बसली.

ते लोक आले. मुलाचे वडील चांगले भरदार, मितभाषी, आणि अंगात कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट. मैदानावर भाड्याने मिळतात ते मळखाऊ अंगरखे त्यांनी नाकारले होते. पहिली भेट आहे, माणसाने नीट कपड्यांत असावं, असं म्हणाले. मुलाची आई मात्र अंगरखा, हातमोजे, सगळं चढवून, पदर कमरेला खोचावा तसा पट्टा आवळून तयार. गाडीतून त्यांची पिशवी उतरवली गेली आणि माझा हात पुढे निघाला. मुलीने नुसतं माझ्याकडे पाहिलं. मी त्या हाताने डोकं खाजवलं.

व्याही, विहीणबाई हे शब्द अजून कोणी उच्चारत नव्हतं. ते मला साहेब म्हणत होते, मी त्यांना साहेब म्हणत होतो. दोन साहेब एकमेकांकडे पाहून मान हलवत होते.

खेळाआधी पंचाने नियम सांगितले. मास्क काढायचा नाही. अगदी जवळ गाठलं तर गोळी मारायची नाही, समोरच्याला शरण यायला सांगायचं. तो आला नाही तर चार पावलं मागे जाऊन मग मारायची.

पहिल्या डावात मी शिट्टी वाजताच मेलो. कोणी मारलं ते कळलं नाही, पण संधी सोडणं माझ्या रक्तात नाही. छातीवर हात ठेवून मी दोन गिरक्या घेतल्या, टायरला टेकलो, आकाशाकडे पाहिलं, गुडघ्यावर आलो. पंच येऊन म्हणाला, काका, मेलात ना, मग उठा, मागे लोकांना जायचंय. मंडपात बायको म्हणाली की गणपतीत यापेक्षा बरं मरता.

दुसऱ्या डावात मात्र मी मनावर घेतलं. बांधाच्या आडोशाने पोटावर सरपटत, कोपरं सोलून घेत, मोडक्या टेम्पोपर्यंत पोहोचलो. टेम्पोच्या मागे पिंपांची ओळ. तिथून कण्हल्याचा आवाज आला. डोकावलो तर दोन पिंपांच्या मध्ये पांढरा शर्ट अडकला होता. मुलाचे वडील गुडघ्यावर बसले होते आणि आता त्यांना पुढेही येता येत नव्हतं, मागेही जाता येत नव्हतं. बंदूक हातातून सुटून माझ्या पायाशी पडली होती.

नियमाप्रमाणे मी म्हणायला हवं होतं, शरण या. मुलाच्या बापाला. मी तोंड उघडलं आणि बाहेर आलं, "या ना साहेब, सावकाश या."

"येता येत नाही," ते म्हणाले.

"मग तुमची बंदूक देतो. आधी तुम्ही मारा."

"असं कसं. तुम्ही गाठलंय, तुम्ही मारा."

"छे छे, तुमचा मान."

हे बोलता बोलता मी त्यांची बंदूक उचलायला खाली जाऊ लागलो होतो. अर्ध्यावर गेलो आणि टायरांच्या पलीकडे निळी पट्टी बांधलेलं कोणीतरी उभं दिसलं. मास्क होता, चेहरा दिसत नव्हता, पण एका पायावर भार देऊन उभी राहायची तऱ्हा माझ्या आईची आहे आणि ती आमच्या घरात एकाच मुलीने उचलली आहे. ती गोळी मारत नव्हती, हलत नव्हती. लग्न आहे की नाही, ते तिथे उभं राहून पाहत होती.

मी सरळ झालो. इतका सरळ की पाठीत काहीतरी वाजलं. चार पावलं मागे गेलो. त्या भल्या माणसाने अडकल्या जागी शर्ट नीट केला, छाती पुढे काढली आणि फोटोला बसावं तसा बसला. पहिली गोळी पिंपावर. दुसरी टेम्पोवर. त्यांनी सुचवलं की थोडं खाली धरा. तिसरी त्यांच्या पोटावर बरोबर बटणाशी फुटली आणि त्या पांढऱ्याशुभ्र शर्टावर निळा रंग पसरला.

इथे थांबलो असतो तर काही प्रश्न नव्हता. पण तो शर्ट मला पाहवेना. लोखंड बाजारातला माणूस, इतक्या हौसेने इस्त्री करून आलेला, आणि मी, मुलीचा बाप, त्याच्या पोटावर हे करून बसलो. मी बंदूक टाकली, खिशातला रुमाल काढला, धावत गेलो आणि पूर्ण कमरेत वाकून त्यांचा शर्ट पुसायला लागलो. साहेब, राहू द्या, धुतला की जाईल, आमच्याकडे पाठवा, असं काहीबाही बोलतही होतो. मागे मुलगी आहे हे मला त्याच क्षणी आठवलं. पण कंबर खाली गेली होती, आणि गेलेली कंबर या वयात लगेच वर येत नाही.

तेवढ्यात माझ्या वाकलेल्या भागावर गोळी फुटली. दुसरीही तिथेच फुटली. मी किंचाळलो ते नाटकातलं नव्हतं.

खोक्यांच्या भिंतीमागून मुलाची आई बाहेर आली, बंदूक खांद्याला लावून, कोळणीच्या ऐटीत.

"वाकता कशाला, व्याही? वाकलेला मानूस मी सोडत नाय."

दिवसभर तो शब्द कोणी बोललं नव्हतं. अडकलेल्या जागेवरून व्याही हसायला लागले, तशी पिंपं हलली आणि ते आपोआप मोकळे झाले. टायरांमागे माझी मुलगी गुडघ्यांवर हात ठेवून इतकी हसत होती की पिवळ्यांच्या एका मुलाने येऊन तिला आरामात मारलं. तो कोण हे सांगायला नकोच.

आम्ही सगळे मेलेले एका रांगेत हात वर करून मंडपाकडे निघालो. वाटेत मी मुलीजवळ गेलो आणि हळूच विचारलं की हे वाकण्यात धरलं का. ती म्हणाली, "धरलं. पण शिक्षा त्यांनीच केली ना. आता मी काय करू?" मुलाच्या आईला त्या अटीची गोष्ट आधी माहीत होती का, हे मी अजून विचारलेलं नाही. विचारणारही नाही.

सामना संपल्यावर मंडपात विहीणबाईंनी माझ्या बायकोच्या हातातला डावच काढून घेतला. तुमी केलंत ना, आता बसा, म्हणाल्या, आणि स्वतः सगळ्यांना पोहे वाढले. व्याही पोटावर निळा सूर्य घेऊन खुर्चीत ऐसपैस बसले. मुलं जमिनीवर बसली. माझ्यासाठीही खुर्ची आणली गेली. मी मात्र खांबाला टेकून, बशी हातात धरून, उभ्या उभ्याच खायला लागलो.

मुलीचा घास हातातच राहिला. तिने माझ्याकडे पाहिलं, आणि मला आचाऱ्याच्या पिंपाजवळचा माझा भाऊ तिच्या डोळ्यांत दिसला.

"बाबा, बसा ना."

"बसलो असतो," मी म्हणालो, "पण कुठे बसू ते तुझ्या सासूला विचार."

विहीणबाईंनी माझ्या बशीत आणखी एक डाव पोहे घातले, वर लिंबू पिळलं, आणि उद्यापर्यंत बरं वाटेल असं सांगितलं. उद्या बरं वाटलं नाही. साखरपुड्यातही मी एका बाजूला कलूनच बसलो होतो.