दाखलाबाईचा रिकामा रविवार

चर्चच्या मंडळीत सगळे तिला दाखलाबाई म्हणत, आणि तिला ते माहीत होतं. राग तर दूरच, आतून गुदगुल्याच व्हायच्या. प्रभू येशूने पेरणाऱ्यावरून, हरवलेल्या मेंढरावरून दाखले दिले, म्हणजे बोधाच्या छोट्या गोष्टी सांगितल्या; ही बाई उतू गेलेल्या दुधावरून देई, उसवलेल्या शिवणीवरून देई, मांजरीने पिल्लं हलवली तर त्यावरूनही देई. दर रविवारी उपासना संपली की मुलांचा वर्ग तिचा असायचा, आणि मुलांच्या निमित्ताने अर्धी मंडळी मागच्या बाकांवर रेंगाळायची. पाळकसाहेब एकदा हसत म्हणाले होते, "बाई, माझा उपदेश लोक घड्याळ बघत ऐकतात, तुमचा मात्र चहा थंड करून."

पोटापाण्याचा धंदा मधाचा. घराच्या मागे मधमाश्यांच्या पेट्या होत्या, त्या तीच बघायची. नवरा सुतार, पेट्या तो बनवायचा. तो भारी कमी बोलायचा. बोलायचं सगळं काम त्याने लग्नाच्या दिवशीच बायकोकडे सोपवलं, असं शेजारी म्हणत.

आता दाखल्याला माणसं लागतात, आणि घरातली माणसं फुकट मिळतात. तिथेच सगळी चूक झाली.

एकुलत्या एका लेकीचं ठरलेलं लग्न मोडलं. मुलाने निरोपही दुसऱ्याकडून पाठवला. लेक स्वयंपाकघरात भिंतीला टेकून रडली आणि म्हणाली, "देवाकडे मी एवढं एकच मागितलं होतं. त्याने ऐकलंच नाही. आता मी प्रार्थनाच करणार नाही." आईने तिला जवळ घेतलं, खरंच पोटाशी धरलं. आणि पुढच्याच रविवारी वर्गात सांगितलं, की एक मुलगी होती, तिने झाडाचं कच्चं फळ मागितलं, देवाने दिलं नाही म्हणून ती त्याच्यावर रुसून बसली. नाव घेतलं नाही. घ्यायची गरजच काय होती? सगळ्या माना एकदम मागच्या बाकाकडे वळल्या, आणि तिथे लेक बसली होती.

त्या दिवसापासून लेकीने आईशी अबोला धरला. भांडली असती तरी परवडलं असतं. जेवायला बसलं की म्हणायची, "बाबा, आईला सांगा, मीठ हवंय." आई हाताच्या अंतरावर बसलेली. बाबा बिचारे, "अगं, तिला मीठ हवंय," म्हणत आईच्या हातातून बरणी घ्यायचे आणि लेकीच्या हातात द्यायचे. कसल्याही दोन फळ्या हा माणूस चुटकीसरशी जोडायचा, पण इथे त्याचं कसब चालेना.

आईने माफी मागितली नाही असं नाही. "अगं, तुझ्या भल्यासाठीच सांगितलं. पोरांना किती भिडलं, माहितेय?" असं म्हणाली. याला माफी म्हणत नाहीत, हे शेंबडं पोरही सांगेल.

लेकीने दूरच्या शहरात नोकरी धरली. सोमवारी सकाळी निघायचं ठरलं. भरलेली बॅग दाराशी येऊन बसली, आणि आई येता-जाता तिला वळसा घालून जायची. लेक अशीच तोंड फिरवून गेली तर पुन्हा येणार नाही, हे आईला पक्कं कळून चुकलं होतं.

या घालमेलीत तिने पेट्या उघडून पाहिल्याच नाहीत. एरवी एखाद्या पेटीत माश्यांची दाटी झाली की ती वेळेवर सोय करायची. नाही केली, तर जुनी राणी माशी निम्म्या माश्या घेऊन नवं घर शोधायला बाहेर पडते. शनिवारी सकाळी तेच झालं. मागून मोठं घोंघावणं उठलं, झुंड छपरावरून पुढच्या अंगणात गेली, आणि आई धावत कोपरा वळून पुढे आली.

लेक दोरीवर कपडे वाळत घालत होती. तिच्या खांद्यावर ओला टॉवेल होता. राणी नेमकी त्या टॉवेलवर उतरली होती, आणि राणी उतरली की बाकीच्यांना दुसरी जागा सुचत नाही. खांदा, मान, अर्धा दंड, सगळीकडे माश्याच माश्या, एकमेकींना धरून लोंबणाऱ्या.

दुसरं कोणी असतं तर आई हसली असती. घर शोधायला निघालेल्या माश्यांचं पोट मधाने भरलेलं असतं, त्या सहसा डंख मारत नाहीत. पण लेकीला लहानपणी एकच माशी चावली होती आणि तिचा गळा इतका सुजला की दवाखान्यात पोचेपर्यंत ओठ निळे पडले होते. "पुन्हा चावली तर घरी बघत बसू नका," डॉक्टरांनी बजावलं होतं. म्हणून तर पेट्या मागे आणि कपड्यांची दोरी पुढे होती.

"हलू नकोस," आई म्हणाली. "तोंड मिट. नाकाने श्वास घे. हळू."

तिने रिकामी पेटी आणली. आत जुन्या पोळ्याची चौकट होती, त्याचा वास माश्यांना ओढून घेतो. झुंड अंधाराकडे चढते, वरच्या बाजूला चढते. म्हणून पेटीची उघडी बाजू खाली करून ती लेकीच्या खांद्याच्या वर अधांतरी धरायची, आणि वाट बघायची. आपटली तर माश्या चेंगरणार, एक चेंगरली की दहा चिडणार. आई स्टुलावर चढली आणि दोन्ही हातांनी पेटी धरून उभी राहिली.

एक माशी लेकीच्या गालावरून निघाली, नाकाच्या शेंड्यावर थांबली, मग ओठांवरून चालू लागली. लेकीचे डोळे गच्च मिटलेले. पापण्यांखालून पाणी येत होतं, पण तिने हुंदका दाबून धरला होता. वर दोन-चार माश्या पेटीत शिरल्या. बाकीच्या हलेनात. आईचे दंड भरून आले, मग थरथरू लागले. देवा, माझ्या हातांत बळ दे, एवढंच तिच्या मनात चाललं होतं. पेटी बोटभर खाली आली. माश्यांचा आवाज चढला.

तेवढ्यात कानाला पेन्सिल लावलेला सुतार कामाच्या खोलीतून बाहेर आला. त्याने पाहिलं. मागून येऊन त्याने बायकोची दोन्ही कोपरं आपल्या तळव्यांवर तोलून धरली. पेटी पुन्हा वर गेली आणि स्थिर झाली.

आणि त्या घडीला, पोटच्या पोरीच्या गळ्यापाशी माश्या असताना, दाखलाबाईच्या डोक्यात काय यावं? बायबलातला मोशे. लढाईच्या दिवशी टेकडीवर हात वर करून उभा राहिलेला म्हातारा मोशे. हात वर असले की त्याची माणसं जिंकायची, खाली आले की हरायची, म्हणून दोघांनी दोन बाजूंनी त्याचे हात धरून ठेवले होते. किती नेमका दाखला, तिला वाटलं. लगेच तिला स्वतःची इतकी लाज वाटली की कानशिलं तापली.

मग राणी चढली असावी, कारण माश्या ओळीने वर निघाल्या. दंड मोकळा झाला, मान मोकळी झाली. सुताराने खालून हळूच फळी सरकवली. लेक खाली वाकून बाजूला झाली. एकही डंख नव्हता.

आई स्टुलावरून उतरली ती पायरीवर मटकन बसली. रडू आणि हसू एकदम आलं, आणि जित्याची खोड म्हणतात ती अशी: "अगदी मोशेसारखं झालं गं. यांनी माझे हात..."

लेकीने तिच्याकडे पाहिलं. आत्ता आत्ता मऊ झालेला तिचा चेहरा पुन्हा बंद झाला.

"बाबा, आईला सांगा," ती म्हणाली, "उद्या हे वर्गात सांगितलं, तर मी या घरी परत येणार नाही."

रविवारी मागचे बाक खचाखच भरले. शेजारणीने खिडकीतून सगळं पाहिलं होतं. तिच्या तोंडात तीळ भिजत नसे. लेक आली, पण दारालगतच्या शेवटच्या बाकावर बसली. पाळकसाहेब आईजवळ येऊन हळूच म्हणाले, "साक्ष द्या बाई. देवाने वाचवलं, ते सांगायलाच हवं."

हे खरंच होतं, आणि म्हणून तर जास्त अवघड होतं. नुसत्या हौसेचा प्रश्न असता तर तिने जीभ चावली असती. पण देवाचं काम आडवं आलं की माणसाला आपली हौस ओळखूच येत नाही. पहिल्या रांगेतल्या मुली पुढे सरकून बसल्या. शब्द तर तयार होते, ओठांवर आले होते. तिने मागे पाहिलं. लेक तिच्याकडे बघत नव्हती. एका हाताने तोच खांदा घट्ट धरून ती खाली बघत होती, काल माश्या होत्या तेव्हा उभी होती तशीच, श्वास रोखून.

आईला येशूची आई मरिया आठवली. गोठ्यात पाहिलं-ऐकलं ते सगळं तिने मनात जपून ठेवलं. तिला कोणी साक्ष द्यायला पुढे बोलावलं नव्हतं.

"काल आमच्या घरी सगळे सुखरूप राहिले," ती म्हणाली. "त्याबद्दल देवाचे आभार. बाकीचं आमच्या घरातलं आहे. आज माझ्याकडे दाखला नाही. जा, बाहेर खेळा."

मुलांना खरं वाटेना. शेजारणीचं तोंड तर एवढंसं झालं. पाळकसाहेब काही बोलणार होते, पण बाईचा चेहरा बघून त्यांनी खोकून घेतलं.

दुपारी तिघं जेवायला बसली. सोमवारची बॅग दाराशी होतीच. लेकीने घास घेतला, थांबली, आणि बाबांनी सवयीने मान वर केली.

"आई," लेक म्हणाली, "मीठ दे."

मिठावर दाखलाबाईकडे एकाहून एक सरस दाखले होते. तिने मुकाट्याने बरणी पुढे सरकवली.