विहिरीवरची आंघोळ

वहिनीचा फोन आला तेव्हा मी उल्हासनगर कॅम्प पाचमध्ये पँट अल्टर करायला थांबलो होतो. "भावजी, तुमचं दादा गेलं," एवढंच ती बोलली. दुकानदाराने "साईं, बैठो, पानी पियो," म्हणत स्टूल पुढे सरकवलं. खरं सांगतो, त्या क्षणी मला रडू आलं नाही. आठवली ती आंघोळ… आज महिन्यानंतर लिहायला बसलोय.

दादा म्हणजे काशीनाथ, माझा चुलतभाऊ, सहा वर्षांनी मोठा. बदलापूरजवळच्या आमच्या गावात भाजीपाला करायचा. जिभेला हाड नाही, मनात मात्र काही ठेवायचा नाही. भावकीतल्या बाळारामशी त्याचं बांधावरून वाजलेलं, हे गावभर ठाऊक. एका सकाळी बाळाराम शेतात मरून पडलेला सापडला, डोक्यात घाव होता. बातमी कानावर आली तसे आम्ही दोघं विहिरीवर गेलो. भावकीत कोणी गेलं की अंगावरच्या कपड्यांनिशी आंघोळ करायची आणि ते कपडे तिथेच धुवायचे, ही आमची रीत. भांडण असलं म्हणून सुतक चुकत नाही. दादा धुण्याच्या दगडावर कपडे आपटत होता, मी शेजारी माझा शर्ट पिळत होतो.

दुपारी पोलिसांनी दादाला नेलं. पुढे कोर्टात सरकारी वकिलांनी मला विचारलं, "त्या सकाळी आरोपीला विहिरीवर कपडे धुताना पाहिलंत?" मी "हो" म्हणालो. का धूत होता, बातमी कळण्याआधी की नंतर, हे ना त्यांनी विचारलं ना आमच्या वकिलाने. विचारतील तेवढंच बोलायचं, असं मला कोणीतरी बजावलेलं. शिवाय वाटलं, यात सांगायचं काय, ही रीत तर शेंबड्या पोरालाही ठाऊक! कोर्टाला ती ठाऊक नव्हती. रक्ताचे डाग धुतले, असं ठरलं आणि दादाला जन्मठेप झाली. मी खोटं बोललो नव्हतो, पण माझ्याच तोंडाने तो आत गेला.

नऊ वर्षं गेली. वहिनी अंबरनाथला शिवमंदिराजवळ फुलं विकायची. मी आनंदनगरच्या कारखान्यातून सुटलो की तिचं दुकान टाळून लांबच्या रस्त्याने घरी यायचो. मग अपिलासाठी एक नवी वकीलबाई आली. सगळे कागद वाचून ती थेट माझ्या घरी. म्हणाली, "काका, तुम्ही स्वतः विहिरीवर काय करत होतात?"

"आंघोळ."

"कपड्यांसकट?"

मी मान डोलावली. तिने वही उघडली आणि ती रीत मला पहिल्यापासून सांगायला लावली. हायकोर्टाच्या परवानगीने माझी साक्ष पुन्हा झाली. या वेळी न विचारलेलंही सगळं सांगितलं. दादा निर्दोष सुटला.

तो घरी आला त्या दिवशी मी पाया पडायला वाकलो. त्याने दंड धरून उठवलं. "तू खोटा नाय बोल्लास रं. इचारला तवराच सांगलास." शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं.

त्यानंतर भावकीत कोणी वारलं की तो माझ्या दारात हजर. "चल, आंगोलीला. बघनारा पायजे ना मना!" लोक हसायचे, मीही हसायचो. पण खरोखर, मी सोबत असल्याशिवाय तो अंगावर पाणी घ्यायचा नाही. इमारतीसाठी विहीर बुजवली तेव्हा त्याने तो धुण्याचा दगड टेम्पोत घालून आणला आणि घरामागे मांडला. मग आमच्या आंघोळी तिथेच.

त्या दिवशी उल्हासनगरहून मी सरळ त्याच्या घरामागे गेलो. बादली भरली, कपड्यांनिशी अंगावर पाणी ओतलं, शर्ट काढून दगडावर ठेवला. हात चालेना. मी एकटाच होतो… मान वर केली तर मागच्या दारात वहिनी उभी होती. रडून तिचे डोळे सुजले होते.

"धुवा भावजी," ती म्हणाली. "मी हाय बघाला."