‘विचारपूस’मधले पहिले नाव

अन्वर पिंजारी यांचे दिवाळीनंतरच्या सोमवारी सकाळी जळगावात हृदयविकाराच्या झटक्याने निधन झाले. माहिती शोधून देणाऱ्या ‘विचारपूस’ या कंपनीचे ते एक संस्थापक होते. दुपारच्या नमाजनंतर दफन झाले. मला फोन आला तो त्यांचे भागीदार दिगंबर चौधरी यांचा. “अन्वर गेला,” एवढेच ते म्हणाले. दुसऱ्या दिवशीच्या अंकातली बातमी मीच लिहिली. कंपनी कशी सुरू झाली, कोणकोणत्या शहरांत गेली, मागे पत्नी आणि एक मुलगी आहे. बातमीत एवढेच बसते. उरलेले इथे लिहितो आहे, आणि एकेरीत लिहितो आहे, कारण आम्हा तिघांचे बोलणे तसेच होते.

अन्वरच्या वडिलांचे जळगावात गाद्यांचे दुकान होते. कापूस पिंजायचा, गाद्या भरायच्या, लग्नसराईत रात्रंदिवस काम. अन्वर बी.कॉम. झाला, नाशिकला जाऊन कॉम्प्युटरचा कोर्स करून आला आणि ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस दुकानाच्या वरच्या खोलीत त्याने क्लास काढला. खाली, दुकानाला लागूनच, दिगंबरचा एसटीडी बूथ होता. दिगंबर यावलचा, घरची केळीची बाग. शेतात मन रमत नाही म्हणून शहरात आलेला. बूथवर फोन करायला येणारी माणसे फोनपेक्षा चौकश्याच जास्त करत. पंपाचे सामान कुठे मिळेल, हाडवैद्य कुठे बसतो, रावेरला केळीचा ट्रक कोण देतो. टेलिफोनच्या पुस्तकात आडनावाने शोधायला जावे तर पानेच्या पाने पाटील आणि चौधरी. गावाकडच्या माणसाला मालकाचे आडनाव ठाऊक नसते. त्याला ‘टॉकीजमागचे पंपवाले नाना’ ठाऊक असतात. दिगंबर वैतागून वर ओरडायचा, “अन्वर, तुह्या डब्ब्यात हे लोकं भर ना एकदाचे! मले दिवसभर तेच ते सांगा लागते.” अन्वरने खरोखरच भरले. दुकान काय विकते, लोक त्याला काय म्हणतात, जवळची खूण कोणती, अशा तिन्ही बाजूंनी शोधता येईल असा प्रोग्रॅम त्याने लिहिला. मी तेव्हा नवा उपसंपादक होतो. त्यावरची पहिली छोटी चौकट मी पेपरात छापली, त्या दिवसापासून त्याने मला नावाने हाक मारणे सोडले. “या पेपरवाले, आज काय शोधायचंय? की नुसता चहा?”

त्यातूनच दोघांनी ‘विचारपूस’ काढली. या कंपनीचा खरा पाया त्या प्रोग्रॅमपेक्षा एका सवयीत होता. सकाळी ज्याला पत्ता दिला, त्याला संध्याकाळी उलटा फोन करून विचारायचे, मिळाले का. गावच्या माणसाकडे फोन नसे. मग तिथल्या बूथवाल्याला किंवा किराणावाल्याला निरोप ठेवायचा. मिळाले असेल तर ते दुकान यादीत वर जाई. बंद होते, माल नव्हता, किंवा मालकाने हाकलून दिले, असे कळले तर खाली. यावर फोनचा खर्च फार होई आणि दिगंबर कुरकुरे, पण लोक ‘विचारपूस’ला फोन करत ते याचसाठी. तिथून मिळालेला पत्ता फुकट जात नसे. अन्वर म्हणायचा, “नाव सांगणं सोपंय रे. आधी कुणाचं सांगायचं, ते अवघड.”

नव्वदीच्या मध्यावर धुळ्याला शाखा निघाली. जळगावला दिवसभर सुधारलेली यादी फ्लॉपीवर उतरवून ती एसटीच्या कंडक्टरकडे द्यायची, पारोळ्यामार्गे ती संध्याकाळी धुळ्याच्या स्टँडवर कोणीतरी उतरवून घ्यायची, अशी ती व्यवस्था होती. कंडक्टरांना ते इतके अंगवळणी पडले होते की एकाने अन्वरला विचारले, “काय भाऊ, ह्या डबीत औषध असतं का?” धुळ्यात जागा मिळत नव्हती, तेव्हा एका खाजगी दवाखान्याच्या डॉक्टरांनी आपल्या इमारतीतली खोली भाड्याशिवाय दिली. टेबल-खुर्च्या एका फर्निचरवाल्याने दिल्या. मशीनसाठी काही व्यापाऱ्यांनी हातभार लावला. त्यांचे उपकार कसे मानायचे, यावर दिगंबरने आपल्याकडच्या रीतीनेच उपाय काढला. शाळेला किंवा मंदिराला देणगी दिली की दात्याचे नाव फलकावर वर येते. तसेच ज्यांनी मदत केली त्यांचे नाव यादीत आपापल्या विभागात पहिले राहील, आणि ते खाली सरकणार नाही. याला ते ‘मानाचं नाव’ म्हणत. अन्वर तेव्हा हसून म्हणाला होता, “मान द्यायला आपलं काय जातं!” त्यात कोणालाही वावगे वाटले नाही. पैसे घेऊन जागा विकली, असेही ते नव्हते... निदान तेव्हा नव्हते.

पुढे इंटरनेट आले. अन्वरने यादी वेबसाइटवर चढवली. फोनवर बसणाऱ्या मुलीही त्याच यादीतून वाचून उत्तर देऊ लागल्या. नाशिक, मग औरंगाबाद. चौकश्या इतक्या वाढल्या की संध्याकाळचे उलटे फोन आधी कमी झाले, मग धुळ्यात बंदच पडले. मुंबईची एक कंपनी ‘विचारपूस’ विकत घ्यायला पुढे आली. त्यांचे लोक जळगावला आले, अन्वरचा प्रोग्रॅम त्यांनी मान डोलावत पाहिला, पण त्यांना सर्वांत जास्त आवडले ते मानाचे नाव. याचे दर ठरवा, असे ते म्हणाले. त्या बैठकीनंतर अन्वर खाली उतरून वडिलांच्या दुकानात बराच वेळ बसला होता. मी गेलो तर म्हणाला, “पेपरवाले, आपण फलक लावला होता. त्यांना दुकान दिसलं.”

या पावसाळ्यात, निंदणीच्या दिवसांत, दोंडाईचाजवळच्या एका शेतात मजुरी करणाऱ्या बाईला साप चावला. शेतमालकाने स्टेशनजवळच्या बूथवरून ‘विचारपूस’च्या धुळ्याच्या नंबरवर फोन लावून विचारले, सापाचे इंजेक्शन कुठे मिळेल. फोनवरच्या मुलीने यादीतले पहिले नाव वाचले. ते खोली देणाऱ्या डॉक्टरांच्या दवाखान्याचे होते. जीप करून बाईला धुळ्याला नेले. तिथला इंजेक्शनचा साठा संपलेला होता. डॉक्टरांनी वेळ न घालवता सरकारी रुग्णालयात पाठवले. वाटेत ती वारली. अन्वर योगायोगाने त्या दिवशी धुळ्यात होता. शाखेत गेला की तो त्या दिवसातल्या चौकश्यांपैकी काहींना जुन्या सवयीने स्वतः उलटा फोन करी. दोंडाईचाच्या बूथवाल्याने फोन उचलला. अन्वरने नेहमीसारखे विचारले, “दादा, सकाळी सापाचं इंजेक्शन विचारलं होतं, मिळालं का?” पलीकडून उत्तर आले, “काय मिळयं, भाऊ... धुळ्याले गयात, तठे सुईच नव्हती. बाई वाटमाच गयी. नाव तुम्हीच तर सांगं व्हतं.”

अन्वरने नंतर चौकशी केली. दोंडाईचाच्या सरकारी दवाखान्यात त्या दिवशी इंजेक्शन होते. यादीत त्याचे नाव दुसरे होते. बाई तिथे आधी पोहोचली असती तर वाचली असती का, हे खात्रीने सांगता येत नाही असे दोन डॉक्टरांनी त्याला सांगितले. मीही एकाला विचारले. उत्तर तेच मिळाले. अन्वर दोंडाईचाला जाऊन त्या बाईच्या नवऱ्याला भेटला. तिथे काय बोलणे झाले ते त्याने मला सांगितले नाही. त्याची पत्नी शमीमभाभी यांना एवढेच सांगितले, की त्या माणसाने चहा पाजला.

आठवड्याभराने जळगावच्या ऑफिसात दोघांचे बोलणे झाले. मी तिथे होतो. अन्वरचे म्हणणे साधे होते. दवाखाना, औषध, रक्त, ॲम्ब्युलन्स, यांतून मानाची नावे काढायची; जिथे वस्तू आहे आणि जे जवळ आहे ते आधी. तोवर मुंबईच्या करारावर तो सही करणार नाही. दिगंबर पहिल्यांदा शांतपणे बोलला. “त्या डॉक्टरनं आपल्याले जागा दिली तवा आपल्यापाशी बसाले सतरंजी नव्हती. आता त्याले उठवून खाली बसवू? कोन्या तोंडानं?”

“त्याला मी सांगतो.”

“तू सांगशील. अन् मंग मुंबईवाले म्हनतीन, आज दवाखाना काढला, उद्या फर्निचर काढसान. काहून घेतीन ते आपल्याले? पोरी कामाले हाएत, त्यायचे पगार कुठून देऊ?”

“दिगूभाऊ, गादी चुकीची घेतली तर माणूस अंग दुखतं म्हणून परत येतो. हे तसं नाही.”

“मले शिकवू नको अन्वर. मले का वाईट वाटलं नसन?” दिगंबरचा आवाज चढला. मग खाली आला. “तूच म्हने ना, मान द्याले आपलं काय जातं.”

अन्वर उठला, टेबलावरचा पेपरवेट उचलून पुन्हा होता तिथे ठेवला आणि जिना उतरून गेला. पुढचे काही आठवडे तो ऑफिसात येत होता, मुलींना काम समजावून देत होता, धुळ्याचे उलटे फोन स्वतः करत होता. सही त्याने केली नाही. दिगंबरने मानाची नावे काढली नाहीत. दोघे एकमेकांशी कामापुरते बोलत. रोज दुपारी दिगंबर चहा सांगे, दोनच कप. दोघे आपापल्या टेबलावर बसून पीत. ऑफिसातल्या मुली सांगतात की शेवटच्या शनिवारी अन्वरने फक्त एवढे विचारले होते, “यावलला पाऊस झाला का रे?” आणि दिगंबरने मान हलवली होती.

दफनाच्या वेळी दिगंबरने खांदा दिला. कब्रस्तानातून परत येताना तो गाडीत माझ्या शेजारी होता. अन्वरचा हिस्सा पत्नीच्या नावे आला. चाळिसावा दिवस झाल्यावर दिगंबर कराराचे कागद घेऊन त्यांच्याकडे गेला. मला त्याने सोबत घेतले, बहुधा एकट्याला जाणे जड वाटत असावे. शमीमभाभींनी कागद हातात घेतले नाहीत. “दिगंबरभाऊ, तुम्ही घरचे आहात. मला यातलं काही कळत नाही. पण ते सापाचं नीट करा पहिले.” दिगंबर खाली पाहत म्हणाला, “भाभी, मले वेळ द्या थोडा.” तो दुसऱ्याच दिवशी धुळ्याला गेला. डॉक्टरांना भेटला. ते म्हणाले, अन्वर आधीच येऊन गेला होता, आणि आपली हरकत नाही असे डॉक्टरांनी तेव्हाच त्याला सांगितले होते. हे अन्वरने दिगंबरला का सांगितले नाही, ते कोणालाच माहीत नाही. कदाचित दिगंबरने स्वतः विचारावे, अशी त्याची अपेक्षा असेल... हा माझा अंदाज आहे, यापेक्षा जास्त काही नाही.

दिगंबरने त्याच आठवड्यात दवाखाने आणि औषधांच्या विभागांतून मानाची नावे काढली. शमीमभाभी मुलीला घेऊन नेटकॅफेत गेल्या. मुलीने दोंडाईचा आणि सापाचे इंजेक्शन असे शोधून पाहिले. दोंडाईचाचा सरकारी दवाखाना पहिला आला. मुलीने तो मोठ्याने वाचून दाखवला. सोमवारी त्यांनी सही केली. बुधवारी कंपनी मुंबईच्या ताब्यात गेली. दिगंबर जळगावच्या शाखेचा व्यवस्थापक म्हणून नोकरीला राहिला.

हा लेख देण्यापूर्वी, शुक्रवारी दुपारी, मी त्याच नेटकॅफेत बसून तेच शब्द टाकले. पहिले नाव धुळ्यातल्या एका दवाखान्याचे होते, पूर्वीच्या डॉक्टरांच्या नव्हे, दुसऱ्याच. मी दिगंबरला फोन केला. त्याने स्वतः पाहिले, मुंबईला फोन लावला आणि थोड्या वेळाने मला उलटा फोन करून सांगितले, की यादीतल्या त्या पहिल्या जागेचे या महिन्याचे पैसे त्या दवाखान्याकडून आले आहेत.