होडी पानाबाहेर आहे

लेकीचं मराठी टिकवायला माझ्याकडे एकच हत्यार होतं, साताऱ्याहून आणलेली माझ्या लहानपणीची कॉमिक्स. बायको तमिळ, शाळा इंग्रजी, आणि माझं अर्धं आयुष्य श्रीपेरुंबुदूरच्या कंपनी बसमध्ये. अड्यारच्या आमच्या घरात मराठी बोलणारा मी एकटाच. लेक माझ्याशीही तमिळमध्ये बोलायला लागली की जिवाला लागायचं. म्हणून रविवारी जेवणं झाली की तिला शेजारी घेऊन मी वाचायचो. तिला अक्षरं येत नव्हती, ती चित्रं बघायची.

हिरो जुन्या वळणाचा. उडायचा, ठोसे लगावायचा, आणि गच्चीवरून पडणारी बाई “वाचवा! वाचवा!” करायची. एकदा लेक वैतागली. “अय्यो बाबा, ती नुसती ओरडतेच का?” मला पटलं. पुढच्या रविवारी माझ्या वाचनात त्याच उघड्या तोंडाने बाई हुकूम सोडू लागली, “डावीकडे, डावीकडे! तार आहे!” हिरो मुकाट्याने ऐकायचा.

मग आमच्या गल्लीत पाणी शिरलं आणि कोळ्यांनी होडी आणून आम्हाला बाहेर काढलं. त्यानंतर एकट्याने शहर वाचवणारा माणूस तिला पटेना. “एकटा किती घरी जाणार तो?” खरंच की! तेव्हापासून संकट आलं की हिरो आधी किनाऱ्यावर जाऊन कोळ्यांना हाका मारू लागला. चित्रात होडीचा पत्ता नव्हता. ती पानाबाहेर आहे, असं मी ठोकून दिलं.

बाराव्या वर्षी ती यायची बंद झाली. मैत्रिणी, टी. नगरच्या बाजारात चकरा, फोन. माझ्या वाट्याला “सरी, बाबा”, म्हणजे “बरं, बाबा”, एवढंच उरलं. मला राग आला, आणि रागाच्या भरात कॉमिक्स कपाटावर टाकली.

यंदा माझ्या डोळ्याचं ऑपरेशन झालं आणि वाचायला बंदी आली. एका दुपारी लेक आपणहून एक कॉमिक काढून माझ्याजवळ बसली. शाळेतल्या हिंदीमुळे तिला आता अक्षरं लागत होती. मी धास्तावलो. आता सगळं उघडं पडणार!

“वा... च... वा...” ती थांबली. पान मागेपुढे केलं.

“बाबा, हे चुकीचं छापलंय,” ती म्हणाली, आणि खणखणीत आवाजात वाचू लागली, “डावीकडे, डावीकडे! तार आहे!”

“आणि होडी?” मी विचारलं.

“आहे की. पानाबाहेर.”